एकोणीस टोप्या

"जयवंताच्या डोक्याचं माप घेऊन ये," भाऊ म्हणाले. "बाकीच्यांच्या टोप्या अंदाजाने केल्या तरी चालतील. त्याची नीट बसली पाहिजे."

त्यांनी मान वर केली नव्हती. पाय मशीनवर चालूच होते. भाऊ म्हणजे आमचे वडील. चांदवडच्या बाजारपेठेत आमचं शिवणाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या वर घर. शाळेच्या गणवेशांतून उरलेलं पांढरं टेरिकॉट त्यांनी वर्षभर साठवलं होतं, आणि त्या शनिवारी दुपारपासून त्याच्या उन्हाच्या टोप्या शिवायला घेतल्या होत्या. एकोणीस माणसं, एकोणीस टोप्या. प्रत्येकीवर पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची निळी पट्टी.

"पट्टी कशाला हो भाऊ?"

"गर्दीत आपली माणसं ओळखू आली पाहिजेत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि निळा रंग त्यांचा असतो. हवाई दलाचा."

शहाण्णव सालचा फेब्रुवारी होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ओझरच्या विमानतळावर हवाई दलाची प्रात्यक्षिकं होणार होती आणि ती सगळ्यांना बघायला मिळणार होती. भाऊंनी मॅटॅडोर ठरवली होती. आम्ही चौघं, काकांचं कुटुंब, शेजारची दोन घरं आणि शाळेचे हेडमास्तर देसले सर. आई सकाळपासून वर दशम्या भाजत होती. देसले सरांकडून भाऊंनी कवायतीचा हातातला कर्णा मागून आणला होता. एवढ्या आवाजात मागच्यांना ऐकू कसं जाणार? आणि जयवंत तर सगळं समजावून सांगणार होता. कोणतं विमान, किती वेग, आत बसणाऱ्याला काय वाटतं. कर्णा चालतो की नाही हे बघायला भाऊंनी दुकानाच्या दारात उभं राहून "हॅलो, हॅलो, जयवंत खैरनार" असं तीनदा म्हटलं होतं. समोरचा पानवाला हसला तेव्हा त्यालाही सांगून झालं, "पायलट आहे ना आमचा. सुट्टीवर आलाय."

जयवंत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हवाई दलाच्या प्रशिक्षणाला तो दीड वर्षापूर्वी हैदराबादकडे गेला, आणि तेव्हापासून गावात आम्हाला नवी नावं मिळाली. आई पायलटची आई झाली आणि दुकान पायलटच्या वडलांचं झालं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माझ्या माहितीचा कागद भाऊ स्वतःच्या हाताने लिहायचे. त्यात माझं शिक्षण एका ओळीत असायचं आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, ‘मुलीचा भाऊ भारतीय हवाई दलात वैमानिक’.

मी टेप घेऊन गच्चीवर गेले. दुकानामागून लोखंडी जिना सरळ गच्चीपर्यंत जायचा. जयवंत पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. दहा दिवस झाले तो असाच बसत होता. आई म्हणायची, दमून आलाय, बसू दे.

"डोकं पुढे कर," मी म्हणाले.

"कशाला?"

"टोपी. भाऊंना तुझी अगदी मापाची करायचीय."

मी टेप कपाळावरून फिरवून मागे आणली. साडेबावीस इंच. मी आकडा म्हणाले आणि त्याने टेपचं टोक धरून ठेवलं.

"माझ्यासाठी टोपी शिवू नका, ताई."

"का? साहेबांना शोभणार नाही?"

"मी येत नाहीये उद्या."

मला थट्टा वाटली. मी टेप ओढली, त्याने ती सोडली नाही.

"मला काढलंय," तो म्हणाला.

"कशातून?"

"अकादमीतून. अठरा डिसेंबरला. सुट्टीबिट्टी काही नाही. मी दीड महिना सिकंदराबादला एका मित्राच्या खोलीवर पडून होतो. त्याची बदली झाली म्हणून घरी आलो."

मी त्याच्याशेजारी बसले. खालून मशीनचा आवाज येत होता. भाऊ भराभर शिवत होते.

"काय केलंस तू?"

"काही केलं नाही. तेच तर." तो हातातल्या टेपची सुरळी करायला लागला. "वर गेल्यावर मला सगळं जमतं, ताई. विमान उलटं करतो, गिरकी घेतो, कसलीच भीती वाटत नाही. गडबड उतरताना होते. शेवटचे वीस फूट. जमीन किती खाली आहे हेच मला कळत नाही. कधी वाटतं अजून लांब आहे, आणि धाडकन आदळतो. कधी वाटतं टेकलो, आणि प्रत्यक्षात दोन पुरुष वर असतो. सरांनी खूप केलं माझ्यासाठी. जास्तीची उड्डाणं दिली, शेजारी बसून दाखवलं. शेवटी एकदा उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, ‘पोरा, तू असाच शिकत राहिलास तर एक दिवस मला तुझ्या घरी पत्र लिहावं लागेल. मला ते लिहायचं नाही.’"

"मग दुसरं काही काम? जमिनीवरचं?"

"माझी भरती फक्त वैमानिकाचीच होती. त्यात नाही तसं."

शाळेत असताना हा मुलगा याच गच्चीवर बसून माझ्याकडून त्रिकोणमिती शिकला होता. बारावीला मला गणितात त्र्याण्णव मार्क होते, त्याला एकोणऐंशी. मला नाशिकला इंजिनिअरिंगला जायचं होतं. भाऊ म्हणाले होते, मुलीला एवढ्या लांब कोण ठेवणार, गावात आहे त्या कॉलेजला जा. मी बी.कॉम. झाले आणि दुकानात काज-बटणं करायला बसले. हे त्या वेळी कुणाला फार वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं की नाही, ते मला कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, माझं एक काम कर," जयवंत म्हणाला. "पावणेपाचला भाऊंना सांग, शांतिलालशेठच्या बूथवर फोन आला होता. युनिटने तातडीने बोलावलंय. मी सव्वापाचच्या गाडीने मनमाडला जातो."

"आणि तिथून?"

"तिथून बघतो."

"बघतो म्हणजे कुठे जाशील?"

"पत्र लिहीन मी. तू फक्त एवढं सांग. मी सांगायला गेलो तर माझ्या तोंडावरून कळेल त्यांना. उद्याचा रविवार एकदा जाऊ दे. त्यांना विमानं बघू दे."

"आणि त्यांना खरं कधी सांगायचं?"

"सांगेन की."

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने टेपची सुरळी माझ्या हातात ठेवली.

"बरं," मी म्हणाले. "सांगते."

मी खाली आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अकरा टोप्या शिवून फळीवर एकात एक घालून ठेवल्या होत्या. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: शांतिलालशेठकडे फोन आला होता.

"किती भरलं?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, जयवंतला काढून टाकलंय."

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. सुई कापडातच होती.

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. दोन महिने झाले. तो सुट्टीवर नाही."

"कशाबद्दल काढलं? काही वावगं केलं का त्याने?"

"नाही. उतरताना त्याला अंदाज येत नाही. जमीन किती खाली आहे ते कळत नाही, म्हणाला."

भाऊ बराच वेळ त्या अर्धवट टोपीकडे बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील, किंवा कपाळावर हात मारतील. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"नजरेचं माप," ते म्हणाले. "माझ्याकडे दत्तू होता, आठवतो? सहा वर्षं राहिला. हात सोन्यासारखा. पण माणूस समोर उभा केला की त्याला खांदा किती ते दिसायचं नाही. मी सगळं शिकवलं त्याला, ते काही आलं नाही. ते येत नाही शिकवून." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्याने तुला पाठवलं का, हे सांगायला?"

"नाही. त्याने सांगितलं होतं, फोन आल्याचं सांग म्हणून. तो सव्वापाचच्या गाडीने निघणार होता."

"आणि तू खरं सांगितलंस."

मी फळीवरच्या टोप्या सारख्या करायला लागले.

"बरं केलंस, उजू," भाऊ म्हणाले. "तू बरं केलंस."

ते गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढून गेले आणि लगेच परत आले. गच्चीवर कुणी नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, आत्ताच बॅग घेऊन पुढच्या दाराने गेला, मित्राकडे देऊन येतो म्हणाला. साडेचार वाजून गेले होते. भाऊ कधी डोक्यावर काही घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. त्या दिवशी तसेच निघाले, बोडक्या डोक्याने, गळ्यात टेप लटकत होती. मी दुकानाच्या दारात उभी राहून बघत होते. ते स्टँडच्या दिशेने निघाले होते, आणि भराभर चालायचा प्रयत्न करत होते.

सहाच्या सुमाराला दोघं परत आले. बॅग भाऊंच्या हातात होती. जयवंत माझ्या शेजारून वर गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

आईने पाणी आणलं. काहीतरी झालंय हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं.

"जयवंत परत आला," भाऊंनी सांगितलं. "कायमचा. त्यांना नको आहे तो."

"म्हणजे आता विमानात बसायचं नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"बरं झालं बाई," आई म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. दीड वर्ष ती रोज रेणुकामातेच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडत होती. काय मागत होती ते आम्हाला तेव्हा कळलं.

भाऊंनी दिवा लावला आणि राहिलेल्या आठ टोप्या शिवून काढल्या. जयवंतचीसुद्धा केली, साडेबावीसच्या मापाची. मी काजं करत बसले.

सकाळी सहाला मॅटॅडोर आली. सगळी मंडळी जमली. मुलांनी टोप्या घातल्या. काकूंनी विचारलं, "आणि आमचे पायलट कुठे आहेत?"

भाऊ मॅटॅडोरच्या पायरीवर चढले. कर्णा त्यांच्या हातात होता, पण तो त्यांनी तोंडाला लावला नाही.

"जयवंत येणार नाही," ते म्हणाले. "त्याला विमान चालवणं जमलं नाही. त्यांनी त्याला घरी पाठवलंय. त्यात त्याची लबाडी नाही आणि कुणाचा अन्याय नाही. हे मी सांगितलं, आता कुणी त्याला विचारू नका. विमानं बघायला चाललोय, विमानं बघू." मग कर्णा देसले सरांच्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा सर."

काकांनी भाऊंच्या पाठीवर हात ठेवला. आई घरी थांबली, जयवंतला एकटं ठेवायला ती तयार नव्हती. गाडीत आम्ही सतरा जण होतो.

ओझरला ऊन खूप होतं आणि माणसं त्याहून खूप. विमानं आली तेव्हा छातीत आवाज घुमला. ती आकाशात सरळ उभी चढली, उलटी झाली, धुराच्या रेषा काढून एकमेकांच्या अंगावरून गेली. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मी भाऊंकडे बघितलं. वर काय चाललंय तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते दोरीला चिकटून उभे होते आणि धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे बघत होते. विमान उतरायला लागलं की त्यांचा हात दोरीवर घट्ट व्हायचा.

"आलं," ते पुटपुटायचे. "अजून खाली. अजून... टेकलं." आणि श्वास सोडायचे.

त्या दिवशी जेवढी विमानं उतरली तेवढी त्यांनी अशीच उतरवली. परत येताना गाडीत म्हणाले, "फार थोडं अंतर असतं गं ते. लांबून काहीच दिसत नाही."

आम्ही परतलो तेव्हा जयवंत घरीच होता. दोन महिन्यांनी तो पुण्याला गेला. लोखंडी कामाच्या एका कारखान्यात लागला, मग स्वतःचं काम सुरू केलं. आता पिंपळगावला त्याचा व्यवसाय आहे, कांद्याच्या चाळी आणि गोदामं बांधतो. पण पहिली चार वर्षं तो माझ्याशी धड बोलला नाही. राखीला यायचा नाही. कारण दर वर्षी वेगळं असायचं. माझ्या लग्नाला आला तो अक्षता टाकून जेवायच्या आत गेला. मी समजायचे, त्याला लाज वाटत असेल. मग हळूहळू तो यायला लागला, आणि आम्ही पहिल्यासारखे झालो. त्या शनिवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

घरात मात्र त्याबद्दल बोललं जायचं. भाऊ जावयांना सांगायचे, "उजूने त्या दिवशी खोटं बोलायला नकार दिला म्हणून." आई म्हणायची, "हिच्यामुळे पोरगा हाती लागला." मी उठून आत जायचे. लोकांना वाटायचं, मला कौतुक सोसत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊंचं वर्षश्राद्ध जयवंतकडे झालं. जेवणं उरकली, पाहुणे गेले, दुपारी आम्ही दोघं त्याच्या ओसरीत बसलो होतो. समोर गोदामाच्या छपरासाठी लोखंडी कैच्या रचून ठेवल्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मला मनमाडहून कुठेच जायचं नव्हतं. स्टेशनपर्यंतचंच ठरवलं होतं मी."

मला समजायला एक क्षण लागला. मग मनमाडचे रूळ माझ्या डोळ्यांपुढे आले.

"भाऊ स्टँडवर आले आणि त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली," तो म्हणाला. "रागावले नाहीत, समजूत घातली नाही. म्हणाले, चल, आठ टोप्या राहिल्यात अजून. मी बघतच राहिलो त्यांच्याकडे. तू सांगितलं नसतंस तर ते आले नसते."

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

"जयवंत, मी खरेपणासाठी नव्हतं सांगितलं," मी म्हणाले. "तू काढलंय म्हणालास ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं. मला गणितात त्र्याण्णव होते, आणि सगळं गाव तुला डोक्यावर घेऊन नाचत होतं. आता भाऊंना कळेल, एवढंच माझ्या मनात होतं. तुझं काय होईल हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. इतकी वर्षं सगळे मला चांगलं म्हणतात आणि मी ऐकून घेते."

त्याने मान हलवली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"मी गच्चीवरून बघत होतो. तू जिना पळत उतरलीस, ताई. दोन-दोन पायऱ्या. वाईट बातमी घेऊन माणूस असं पळत नाही. तेव्हाच मला कळलं की तू फोनचं सांगणार नाहीस, आणि मी बॅग उचलली."

आपण पळालो होतो हे मला आठवतच नव्हतं.

"म्हणून राखीला येत नव्हतास?"

"चार वर्षं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघावंसं वाटायचं नाही."

"मग?"

"मग पोरगी झाली मला. ती रात्री कडेवर झोपायची आणि मी विचार करत बसायचो." तो उठला, कैच्यांवर ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उडत होतं ते ओढून त्यावर वीट ठेवली, आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला. "एक गोष्ट लक्षात आली. त्या जिन्यावरून तू सावकाश उतरली असतीस ना, तर अर्ध्या वाटेत तुला माझी दया आली असती. आणि तू भाऊंना फोनचंच सांगितलं असतंस."